निवृत्तीच्या दुधाची घनता

मी आयुष्यात एकदाच शास्त्रीय संशोधन केलं. ते एकोणीसशे बहात्तर साली, जून ते ऑक्टोबर या काळात, नाशकातल्या आमच्या सोसायटीच्या फाटकाशी एका घडीच्या टेबलावर झालं. त्यातून पुढे काय काय निघालं ते सांगतोच. पण माझं नाव संशोधनाच्या अहवालात कुठंही छापून आलं नाही, आणि बरेच दिवस मला फक्त तेवढ्याचंच वाईट वाटत होतं. हे आधीच कबूल करतो, म्हणजे वाचणाऱ्याचा माझ्याबद्दल उगाच चांगला ग्रह व्हायला नको.

सुरुवात वर्तमानपत्रातल्या एका चौकोनी निवेदनानं झाली. कुठल्याशा दुग्ध संशोधन केंद्राला जिल्ह्याजिल्ह्यांतून 'मानद निरीक्षक' हवे होते. कुठल्या जनावराचं दूध किती कसदार, चारा कमी पडला की त्याची प्रत कशी बदलते, थोडक्या चाऱ्यावर टिकून दूध देईल असं जनावर कुठं सापडतं, असा पाच वर्षांचा अभ्यास होता. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेला. वर्ग कुठला ते विचारू नये. सतरा वर्षं एका सरकारी कचेरीत आवक-जावक बघत होतो आणि त्या सतरा वर्षांत माझ्या रसायनशास्त्राचा उपयोग एकदाच, सदऱ्यावरचा शाईचा डाग काढताना झाला होता. तोही डाग निघाला नव्हता. मी त्याच दिवशी अर्ज टाकला.

उत्तर आलं ते 'पशुपालक श्री. चिंतामण गायधनी' अशा पत्त्यावर. आडनावावरून त्यांचा समज झाला असावा. सोबत जनावरांना द्यायच्या क्षारांची एक पुडी होती आणि 'आपल्याकडील दुभत्या जनावरांची संख्या' असा एक रकाना. रकान्यात मी 'निरंक' लिहिलं. पुडी मालिनीनं, म्हणजे माझ्या पत्नीनं, वाया जायला नको म्हणून तुळशीला घातली. तुळस आठ दिवसांत गेली.

"लक्षण बरं नाही," क्षेमकल्याणी म्हणाले. क्षेमकल्याणी आमच्या शेजारचे. पोस्टमास्तर होते, आता पेन्शनीत होते, आणि टपाल वाटायचं थांबल्यापासून सल्ले वाटायचे.

महिन्याभरानं लाकडी खोक्यात, भुशाच्या गादीवर निजलेलं लॅक्टोमीटर आलं. काचेची नळी, खाली फुगीर पोट, वर बारीक मान, मानेवर आकडे. दुधात सोडली की तरंगते. दूध दाट असलं की मान वर काढते, पाणी असलं की खाली बुडते. पत्राखाली लिहिलं होतं : 'सोबत – लॅक्टोमीटर एक, नोंदपत्रे दोनशे, सूचनापत्र एक.' पहिल्या दोन वस्तू होत्या, तिसरी नव्हती. मी रीतसर कळवलं. उत्तर आलं : 'सूचनापत्र यापूर्वीच पाठविण्यात आले आहे. पोच न मिळाल्यास आपले नाव यादीतून कमी करण्यात येईल.'

सतरा वर्षं आवक-जावक सांभाळणारा माणूस मी. न आलेल्या कागदाची पोच देणं म्हणजे काय, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण नाव कमी होणार होतं. मी 'सूचनापत्र मिळाले' असं लिहिलं आणि खाली सही केली. आकडा सव्वीसच्या खाली आला की दुधात पाणी आहे, एवढं कॉलेजातलं आठवत होतं. तेवढं मला पुरेसं वाटलं.

आमच्याकडे दूध घालायचा निवृत्ती. मखमलाबादचा. घरच्या दोन म्हशी, सायकलला दोन बाजूंना दोन किटल्या, आणि डोक्याला नेहमी एक विटका पंचा. पहाटे धार काढायचा आणि तडक निघायचा, त्यामुळे पोचायचा तेव्हा किटलीला हात लावला तर ती कोमट लागायची. अकरा वर्षं आम्ही त्याचं दूध पीत होतो. जूनच्या एका सोमवारी मी फाटकाशी टेबल मांडलं, त्यावर उंच काचेचं भांडं ठेवलं आणि निवृत्तीला म्हणालो, "यात ओत."

नळी सोडली. ती डुलली, बुडली, थांबली.

"पंचवीस," मी म्हणालो.

"म्हंजी किती?"

"म्हणजे पाणी आहे."

निवृत्ती आधी हसला. "सकाळच्या पारी थट्टा करता काय साहेब? औंदा प्यायला पानी नाय, दुधात कुठून घालू?"

ते खरं होतं. आदल्या वर्षी पाऊस नावालाच झाला होता, यंदाचा अजून पत्ता नव्हता आणि नळाला दिवसातून तासभर पाणी यायचं. पण मी आकड्याकडे बघत होतो.

तोवर माणसं जमली होती. क्षेमकल्याणींनी दुधात बोट बुडवून नखावर थेंब धरला. थेंब घसरला. "पळतोय बघा," ते म्हणाले. वरच्या मजल्यावरच्या सावित्रीबाईंनी कठड्यावरूनच सांगितलं की त्यांना गेली दोन वर्षं संशय होता. दोन वर्षं त्या याच निवृत्तीकडून सणासुदीला जास्तीचं दूध मागून घेत होत्या; पण ते संशयाच्या आड आलं नव्हतं.

"अहो, पण बोटभर साय येते त्याच्या दुधाला," मालिनी हळूच म्हणाली.

"साय हा भावनेचा प्रश्न आहे," मी म्हणालो. "आकडा हा आकडा आहे." आणि नोंदपत्रातल्या शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'साय संशयास्पद जाड. पिठाची भेसळ?'

गर्दीत पगारे होते. तळमजल्यावर राहायचे. ओझरच्या विमान कारखान्यात उपकरणं तपासण्याच्या खात्यात होते. कमी बोलणारा माणूस. ते पुढे झाले, नळी उजेडात धरून त्यांनी मानेवरची बारीक अक्षरं वाचायचा प्रयत्न केला आणि विचारलं, "गायधनी, ही किती तापमानाला लावलेली आहे? दुधाचं तापमान घेतलंत का?"

खरं तर सगळी कथा तिथंच संपायला हरकत नव्हती. पण चार माणसांसमोर, माझ्याच टेबलाशी, कुणी मला माझ्याच विषयातलं विचारावं हे मला सोसलं नाही. मी म्हणालो, "पगारे, हे दूध आहे, विमान नाही." सगळे हसले. पगारेंनी नळी जपून टेबलावर ठेवली आणि ते ड्यूटीच्या बसला निघून गेले.

माणसाला एकदा टेबल मिळालं की ते सोडवत नाही. मी रोज सकाळी नोंद घेऊ लागलो. निवृत्ती पंचवीस, निवृत्ती पंचवीस, निवृत्ती साडेचोवीस. तुलनेसाठी गावातल्या सावळीरामच्या दुकानातून दूध आणलं. सावळीरामचं मोठं दुकान, दुधाचे कॅन पाण्याच्या हौदात उभे केलेले, गार. त्याचं दूध एकतीस आलं. दुसऱ्या दिवशीही एकतीस. त्याच्या लोण्याचं आणि खव्याचं नाव होतं. एवढं लोणी येतं कुठून आणि मागं उरलेल्या दुधाचं होतं काय, हा प्रश्न माझ्या नोंदपत्रात नव्हता. मी त्याला 'उत्तम प्रतीचे दूध' असं लिहून दिलं. त्यानं ते चौकटीत बसवून गल्ल्यामागं टांगलं. माझी सही आयुष्यात पहिल्यांदा काचेमागं गेली. मी दोनदा निमित्त काढून ती बघायला गेलो.

मग दुसऱ्या सोसायट्यांची बोलावणी येऊ लागली. एका महिला मंडळात मी 'दूध : समज आणि विज्ञान' या विषयावर बोललो. गावच्या साप्ताहिकात बातमी आली. त्यात मला 'स्थानिक दूधतज्ज्ञ' म्हटलं होतं आणि निवृत्तीला 'मखमलाबादचा एक गवळी'. मखमलाबादहून आमच्या भागात दूध घालणारा तो एकटाच होता. जुलैअखेर आमच्या सोसायटीनं ठराव करून त्याचं दूध बंद केलं आणि सावळीरामचं लावलं. ऑगस्टात बाकीच्यांनीही. तळमजल्यावर पगारेंकडे तेवढं चालू राहिलं. त्यांना विचारलं तर म्हणाले, "माझ्या पोराला पचतंय."

निवृत्ती येत राहिला. आधी चिडून, मग अजिजीनं. किटल्या घासून आणायचा, झाकणाला फडकं बांधून आणायचा. "आज बघा साहेब." आज पंचवीस. ऑगस्ट संपता संपता त्याचं बोलणंच कमी झालं. मला वाटलं, ओशाळला.

आणि सप्टेंबरच्या एका सकाळी तो म्हैसच घेऊन आला. भोरी तिचं नाव. करड्या रंगाची, हाडं दिसायला लागलेली, पण कास भरलेली. मखमलाबादहून चालवत आणली होती. फाटकाशी कडुनिंबाला बांधली आणि मला म्हणाला, "तुमचं भांडं द्या. तुमी धुवा, तुमी पुसा. मी फक्त धार काढतो. समद्यांम्होरं."

अख्खी सोसायटी खाली उतरली. निवृत्ती उकिडवा बसला, भोरीच्या पाठीवरून हात फिरवला आणि धार काढली. फेसाळ, वाफाळतं दूध माझ्याच पातेल्यात पडलं. मी ते काचेच्या भांड्यात ओतलं आणि नळी सोडली.

"किती?" निवृत्तीनं विचारलं. त्याचा आवाज विचित्र होता.

"चोवीस."

सडातून निघालेलं दूध, माझं पातेलं, आणि आकडा आजवरचा सगळ्यांत खाली. त्या क्षणी कुठल्याही शहाण्या माणसाच्या डोक्यात नळीबद्दल शंका आली असती. माझ्याही आली, येऊन गेली म्हणा. पण साप्ताहिकात छापून आलेलं होतं, सही चौकटीत टांगलेली होती. तेवढ्यात क्षेमकल्याणी मदतीला धावले.

"सोपं आहे. म्हशीला आधी भरपूर पाणी पाजून आणलीय."

मला इतकं हायसं वाटलं की मी ते तसंच लिहिलं : 'जनावरास पूर्वनियोजितपणे पाणी पाजून आणले असण्याची शक्यता.'

मला वाटलं निवृत्ती आता भांडेल. तो भांडला नाही. त्यानं मला पुन्हा विचारलं, "चोवीसच ना? सडातून काढलेलं चोवीस?" मी हो म्हणालो. तो खाली बसला, पंचा तोंडाशी धरला आणि त्याचे खांदे हलायला लागले. मग उठला, म्हैस सोडली आणि निघून गेला. सावित्रीबाई वरून म्हणाल्या, "चोरी पकडली गेली की असंच होतं." त्या दिवसानंतर तो आला नाही.

ऑक्टोबरअखेर मी एकशे बारा नोंदपत्रं केंद्राला पाठवली आणि शाबासकीची वाट बघत बसलो. शाबासकीऐवजी नोव्हेंबरात इंदिरा दाणी आल्या. केंद्रातल्या संशोधन सहायक. तिशीच्या, जाड चष्मा, खांद्याला शबनम पिशवी आणि हातात बाटल्यांची पेटी. एस.टी.नं रात्रभर प्रवास करून आल्या होत्या. पाणी प्यायच्या आधीच त्यांनी विचारलं, "ती म्हैस कुठं आहे?"

"कुठली म्हैस?"

"तुमचा चोवीस-पंचवीसवाला गवळी. साय संशयास्पद जाड." त्यांनी माझीच नोंदपत्रं काढली. "गायधनीसाहेब, पाणी घातलेल्या दुधाला बोटभर साय येईल कशी?"

मी नोंदपत्रं हातात घेऊन उलटी-सुलटी केली. मालिनी दारात उभी होती. जूनमधल्या सायीची तिनं आठवण करून दिली नाही, आणि तेच जास्त लागलं.

इंदिराबाईंनी घरातलंच दूध मागितलं. थोडं चुलीवर कोमट केलं आणि नळी सोडली. सव्वीस. मग तेच दूध गार पाण्याच्या पातेल्यात ठेवलं, तासभर थांबल्या, तोवर पोहे खाल्ले. पुन्हा नळी सोडली. तीस.

"दूध एकच आहे," त्या म्हणाल्या. "कोमट दूध पातळ होतं, नळी जास्त बुडते. धार काढल्या काढल्या फेस आणि हवा असते, आणखी बुडते. म्हणून तापमान लिहायचं असतं आणि दूध निवल्यावर बघायचं असतं. सूचनापत्रात पहिलंच कलम आहे. तुमची पोच आहे आमच्याकडे."

पुढचं त्यांनी सांगितलं ते ऐकायला मी नसतो तर बरं झालं असतं. चरबी हलकी असते, तूप पाण्यावर तरंगतं तसं. दुधात चरबी जास्त असली तरीही आकडा खाली येतो. आणि एखाद्यानं साय काढून घेतली, तर आकडा वर चढतो. मग त्यात पाणी घालून तो बरोबर हवा तिथं आणता येतो. त्यांनी पेटीतल्या बाटल्या काढून सावळीरामचं दूध तपासलं. उरलेल्या चरबीचा आकडा बघून त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं.

"आणि हे जे तुम्ही लिहिलंय, म्हशीला पाणी पाजून आणल्याचं," त्या म्हणाल्या, "म्हशीनं प्यायलेलं पाणी असं दुधात उतरत नाही हो." त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. "यंदा चारा नाही. अशात इतकी कसदार धार देणारी म्हैस आम्ही चार वर्षं शोधतोय. तिची वासरं, तिचा वंश सगळा नोंदायचा आहे. केंद्र तिचा चारा पुरवेल, मालकाला पगारी मदतनीस करून घेईल. चला."

आम्ही मखमलाबादला गेलो. घराला कडी होती. गोठा झाडलेला होता, इतका स्वच्छ की बघताक्षणी कळावं. शेजारच्या भागुबाई ओसरीवर लसूण सोलत होत्या.

"म्हशी? त्या गेल्या इकून. घोटीच्या बाजारात. मुंबईच्या तबेल्यावाल्यानं नेल्या दोन्ही." त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं. "तुमी ते नळीवालं का?"

इंदिराबाईंनी विचारलं, मुंबईत कुठं, तबेल्याचं नाव काय. भागुबाईंना ठाऊक नव्हतं. "तिथं आटंपत्तूर ठिवत्यात म्हनं. आटली की..." त्यांनी हातातली लसणाची साल फुंकून उडवली आणि वाक्य तिथंच सोडलं. निवृत्ती पेठ रस्त्यावर दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होता. बायको चिमणाबाई माहेरी होती. कधी येणार? "कोन जानं."

इंदिराबाईंनी वहीत लिहिलं, 'म्हैस उपलब्ध नाही.' संध्याकाळच्या एस.टी.नं त्या परत गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "तुमच्या नोंदी अभ्यासातून वगळाव्या लागतील."

मी घरोघर जाऊन सांगायचं ठरवलं. सांगायला फार सोपं होतं : माझी चूक झाली, निवृत्तीचं दूध चोख होतं. क्षेमकल्याणींनी ऐकून घेतलं आणि मला धीर दिला. "तुम्ही मनानं हळवे आहात. इतकं मनाला लावून घेऊ नका. तुम्ही स्वतः सिद्ध केलंय की." सावित्रीबाई म्हणाल्या की सडातून पाणी आलेलं त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. साप्ताहिकाच्या संपादकानं सांगितलं की दूध हा विषय आता जुना झाला. सावळीरामनं चौकट उतरवायला नकार दिला, म्हणाला, "साहेब, सही तुमचीच ना?" माझं खोटं त्यांनी एका सकाळीत मानलं होतं, माझं खरं मानायला एकही घर तयार होईना. पगारेंच्या दारात मी सगळ्यांत शेवटी गेलो. त्यांनी खुर्ची दिली, शेवटपर्यंत ऐकलं. टोमणा मारला नाही. फक्त विचारलं, "त्याला सांगितलंत का?"

रविवारी पेठ रस्त्यावर गेलो. उन्हात दूरवर माणसं बसलेली, सगळीकडे हातोड्यांचा आवाज. निवृत्ती ओळखू आला तो पंच्यावरून. मला बघून उठला, मडक्यातलं पाणी दिलं. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "निवृत्ती, तुझ्या दुधात पाणी नव्हतं."

"मला ठावं हाय."

"नळी वापरण्यात माझी चूक झाली."

"भोरीला फाटकाशी आनली त्या दिशी कळलं मला."

तो पुन्हा बसला आणि खडी फोडता फोडता बोलू लागला. माझ्याकडे बघत नव्हता.

"आदी म्या बी मानलं व्हतं, साहेब. तुमी शिकलेलं मानूस. काच कशाला खोटं बोलंल? धार मी काढायचो, पन गाळून किटलीत भरायची बायकू. म्हनलं, मी तर पानी घालत नाय. मंग कोन घालतं?" हातोडा पडला. "चार दिस गोठ्याआड हुभा ऱ्हाऊन तिच्यावर नदर ठिवली. काय दिसलं नाय. तरी बी इचारलं. ती म्हनली, नाय. म्या म्हनलं, काच सांगती. ती म्हनली, काच तुमची हाय का मी तुमची हाय?" हातोडा थांबला. "हात उचलला म्या. बावीस वर्सांत पयल्यांदा."

चिमणाबाई त्याच दिवशी माहेरी गेली होती. आणि मग ती गेल्यावर त्याला एकदा खात्री करून घ्यायची होती. म्हणून तो भोरीला घेऊन आमच्या फाटकाशी आला होता. चोवीस हा आकडा ऐकून तो रडला, त्याला आम्ही चोरी पकडल्याचं रडणं समजलो होतो. त्याला त्या आकड्यानं सांगितलं होतं की ती खरं बोलत होती.

"मग आणायला गेला नाहीस?"

"काय तोंडानं जाऊ?"

मी म्हणालो, "मी येतो बरोबर." जन्मात पहिल्यांदा मी कुणाला न विचारता, कुणाचा सल्ला न घेता एक गोष्ट ठरवली.

दिंडोरीच्या पुढे वणीच्या वाटेला तिच्या भावाची वस्ती होती. चिमणाबाई अंगणात हुलगे निवडत बसली होती. लहानखुरी, ताठ बाई. निवृत्ती कुंपणाशीच थांबला. भावजय आतून बघून मोठ्यानं म्हणाली, "पानीवाल्या बाईकडं पावनं आलं." त्यावरून मला कळलं की बातमी इथवर पोचली होती.

मी पुढे झालो. सोसायटीत, महिला मंडळात इतकं बोललो होतो. इथं चारच वाक्यं निघाली. "बाई, मी गायधनी. नळी माझी होती. चूक माझी होती. तुम्ही दुधात पाणी घातलं नव्हतं."

तिनं हुलग्यातला खडा वेचून बाजूला टाकला. "ते मला म्हाईत हाय. मला कशाला सांगता?" मग आतल्या दाराकडे बघून म्हणाली, "कागदावर लिहून द्या."

माझ्या पिशवीत उरलेली नोंदपत्रं होती. एकाच्या पाठीवर लिहायला घेतलं. सतरा वर्षांच्या सवयीनं 'तपासणीअंती असे आढळून आले की' इथून सुरुवात केली.

"वाचा," ती म्हणाली. मी वाचलं. "तपासनीअंती म्हंजी?"

"म्हणजे तपासल्यावर."

"तपासायच्या आदी बी घातलं नव्हतं."

मी ते खोडलं. लिहिलं, 'जून ते सप्टेंबर या काळात चिमणाबाईंनी दुधात पाणी घातले नाही.'

"आन् त्याच्या आदी? बावीस वर्सं?"

"त्याच्या नोंदी नाहीत माझ्याकडे," माझ्या तोंडून गेलं.

तिनं हुलगे निवडायचं थांबवलं. नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी ते वाक्यही खोडलं आणि नवीन लिहिलं, 'चिमणाबाईंनी दुधात कधीही पाणी घातले नाही.' खाली सही केली. तिनं दोनदा वाचून घेतलं, एकदा भावजयीला ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचायला लावलं. मग घडी घालून कमरेला खोचलं आणि पहिल्यांदाच कुंपणाकडे बघितलं.

"तुमाला वाचता येतं का हे?"

"नाय," निवृत्ती म्हणाला.

"मंग तुमी आता कशावर इस्वास ठिवनार?"

त्यानं डोक्यावरचा पंचा काढून हातात घेतला. काय बोलला ते मला नीट ऐकू आलं नाही. 'तुज्यावर' असं काहीतरी असावं. ती म्हणाली, "लय उशीर लागला," आणि सूप उचलून आत गेली. दार तिनं लावलं नाही. या, असंही म्हणाली नाही. निवृत्ती मला म्हणाला, "तुमी निघा साहेब, गाडी चुकंल." मी निघालो. वळणावरून मागं बघितलं तर तो अंगणात, ती बसली होती त्याच्या थोडं अलीकडे, उकिडवा बसला होता.

त्यानंतर मी तिकडं गेलो नाही. माझं जाणं त्यांना काही आनंदाचं नसणार. लॅक्टोमीटर केंद्राला परत पाठवलं. त्याची पोच अजून आलेली नाही.

संक्रांतीनंतर एके दिवशी पगारे ड्यूटीवरून येताना माझ्या दारात थांबले. दिंडोरीला त्यांच्या बहिणीकडे गेले होते. तिथल्या स्टँडवर त्यांना निवृत्ती आणि चिमणाबाई दिसले, एका बाकावर.

"बोलत होते?" मी विचारलं.

"नाही. गाडीची वाट बघत होते."

"नाशिकच्या गाडीची?"

"ते काही मी विचारलं नाही."

"सामान काय होतं त्यांच्याजवळ?"

पगारेंनी जरा आठवलं. उपकरणं तपासणारा माणूस. उगाच आकडा सांगायचा नाही. "गाठोडं होतं," ते म्हणाले.

"दोघांचं मिळून किती?"

"एकच," पगारे म्हणाले. "मी नीट बघितलं. एकच होतं."